टाळूवरचं लोणी

मी गोदीत गोण्या उचलतो. मॅट्रिक पास आहे. कविता लिहितो. पण आज कविता नाही. आज हिशेब लिहितोय. माझ्या बापाच्या मढ्याचा हिशेब.

गोदीत एक रीत आहे. गोणी पाठीवर घ्यायच्या आधी भाव ठरतो. ठरला नाही तर आम्ही गोणीला हात लावत नाही, मुकादम कितीही बोंबलू दे. मयताचं उलटं आहे. आधी ओझं पाठीवर येतं आणि मग एकेक जण येऊन भाव सांगतो. तेव्हा तुम्ही वाकलेले असता. डोळ्यांत पाणी असतं. आत आई छाती बडवत असते. 'जास्त होतंय, कमी करा' असं म्हणायची लाज वाटते. बापाच्या मढ्यावर घासाघीस करतो म्हणतील! या लाजेवर एक अख्खा बाजार जगतोय. आपल्याकडं म्हण आहे, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे. ते कोण, हे मला गेल्या पावसाळ्यात घाटकोपरच्या आमच्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत समजलं.

बाप रात्री दोनला गेला. छातीचं दुखणं जुनं. अंधेरीच्या एका गाळ्यात पॉलिशचं काम करून फुप्फुसं भरलेली. सकाळी डॉक्टरकडं गेलो. दोन महिने याच डॉक्टरचं औषध चालू होतं. तो आला, दारातूनच बघितलं, नाडीलाही हात लावला नाही. फॉर्म भरला आणि म्हणाला, दोन हजार. मी दिले. पावती मागायची अक्कल तेव्हा कुठली!

आता कायदा वाचा. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, 1969, कलम 10. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरनं उपचार केले, त्यानं मरणाच्या कारणाचा दाखला द्यायचा. कसा द्यायचा? फी न घेता. हे शब्द कायद्यातच आहेत. घरी मेलेल्या माणसाचा हा कागद म्हणजे नमुना 4-अ. तो नसेल तर स्मशानात कुणी आत घेत नाही, हे डॉक्टरला माहीत असतं. आपल्याला माहीत नसतं ते हे, की तो कागद फुकट आहे. दोन हजार औषधाचे नव्हते, विद्येचे नव्हते. आपल्या अडाणीपणाचे होते.

मग शववाहिनी. खासगी. अडीच हजार. अंतर किती? रिक्षानं गेलो असतो तर पन्नास-साठ रुपये मीटर झाला असता. तिरडीचा बांबू, कापड, हार, मेणबत्त्या, अगरबत्ती मिळून एकवीसशे पन्नास. स्मशानात चहापाणी पंधराशे. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला-न्यायला अठराशे. बेरीज करा : 9,950.

आता बघा, या नऊ हजार नऊशे पन्नासात लाकडाचा पैसा कुठाय? नाहीच. मुंबई महानगरपालिकेच्या स्मशानात एका प्रेताला तीनशे किलो लाकूड फुकट मिळतं. मयताच्या अंत्यसेवेवर जीएसटी नाही. 2017 च्या जीएसटी कायद्यातच ती सेवा कराबाहेर ठेवलीय, प्रेत वाहून नेण्यासकट. मृत्यूची नोंद 21 दिवसांत केली तर फुकट. नोंद केल्यावर पहिला दाखला फुकट. मेलेल्यांची सोय करणं हे पालिकेचं उपकाराचं काम नाही, 1888 च्या मुंबई पालिका कायद्यातलं, कलम 61 मधलं बंधनकारक काम आहे. म्हणजे इंग्रजांच्या काळापासून शहरानं आपली चिता पत्करलेली आहे.

मग आपण कशाचे पैसे मोजतो? घरापासून स्मशानापर्यंतच्या रस्त्याचे. चिता सरकारी आहे, रस्ता बाजाराचा आहे. 2025-26 ला या पालिकेचं बजेट 74,427 कोटी होतं. तरी पहाटे चार वाजता झोपडपट्टीच्या तोंडाशी गाडी उभी राहते ती दलालाची. अंबोली, पारशीवाडा, बाभई, दौलतनगर, मुलुंडची टाटा कॉलनी, कुठलंही स्मशान घ्या. तिथं पोचेपर्यंत गरिबाचा खिसा अर्धा जळालेला असतो.

स्मशानातल्या चहापाण्याबद्दल एक सांगून ठेवतो. ज्यानं पैसे मागितले त्याच्यावर मी आधी चिडलो. मग त्याचे पाय बघितले. राखेत उभा होता, पायात फाटकी स्लीपर. कंत्राटावर आहे म्हणाला, पगार दोन महिने झाला नाही. आडनाव विचारायची गरज पडली नाही. बोली ऐकली आणि ओळखलं. दोस्तहो, या शहरात भट्टीपाशी कोण उभं असतं? शवागारात मढी कोण उचलतं, पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर सुरी कुणाच्या हातात असते? जाऊन बघा. तिथं आरक्षण शंभर टक्के आहे आणि त्याविरुद्ध कधी मोर्चा निघत नाही. त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याला पगार न देणाऱ्याशी आहे. तो माझ्याकडून पाचशे घेतो, कंत्राटदार त्याच्याकडून पंचवीस दिवस घेतो.

हा धंदा आपल्याला नवा नाही. गावगाड्यात महाराचं काम काय होतं? कुणी मेलं की गावोगाव सांगावा घेऊन पळायचं. सरणाची लाकडं वाहायची. मेलेलं ढोर ओढायचं. आणि मजुरी काय? मढ्यावरचं कापड. आपल्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसांची लुगडी अंगाला गुंडाळली. 1874 च्या वतन कायद्यानं या गुलामीला सरकारी शिक्का मारला. बाबासाहेबांनी 1927 ला महाडात सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. वतनाविरुद्ध ते आयुष्यभर लढले. 1958 च्या कायद्यानं ती वतनं गेली, तेव्हा ते बघायला बाबासाहेब नव्हते. ज्या जातीनं शेकडो वर्षं साऱ्या गावाची सरणं फुकट रचली, तिच्याच मढ्याला गावच्या स्मशानात जागा नव्हती. नव्हती म्हणू नका. ॲट्रॉसिटी कायद्यात 2015 ला दुरुस्ती करून संसदेला लिहावं लागलं, की दलित-आदिवासींना स्मशान किंवा दफनभूमी वापरू न देणं हा गुन्हा आहे. गुन्हा घडतो म्हणूनच कायदा लिहावा लागतो. गावात जागेसाठी अडवतात, मुंबईत पैशासाठी. गावात जात उघडी उभी असते, इथं ती दरपत्रक हातात घेऊन येते.

आणि हा धंदा खालपासून वरपर्यंत आहे, हे विसरू नका. कोरोनाची वर्षं आठवा. 30 मार्च 2020 ला पालिकेनं फर्मान काढलं, कोरोनानं मेलेला कुठल्याही धर्माचा असो, जाळायचाच. बोंब झाली, त्याच दिवशी फर्मान बदललं. पुढं वांद्र्याच्या दफनभूमीचा खटला हायकोर्टात गेला आणि मे महिन्यात कोर्टानं सांगितलं, सन्मानानं अंत्यविधी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. इकडं कोर्ट सन्मानाचं बोलत होतं, तिकडं मढी गुंडाळायच्या पिशव्यांची खरेदी चालू होती. 2023 ला पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं त्या खरेदीबद्दल गुन्हा नोंदवला. आरोप असा की दोन हजारांच्या आसपास मिळणारी पिशवी पालिकेला 6,800 रुपयांना पडली. खरंखोटं कोर्ट ठरवील. पण स्मशानातल्या माणसानं शंभर रुपये मागितले की आपण त्याची गचांडी धरतो. मढ्याच्या पिशवीच्या फायली ज्या टेबलावर फिरल्या, तिथं आपल्याला खुर्चीही मिळत नाही.

आता दुसरा हिशेब. हा जास्त झोंबणारा आहे.

बाप ज्या गाळ्यात होता तिथं बावीस माणसं होती. पगार चौदा हजार. पगारातून महिन्याला 105 रुपये ईएसआयचे कापले जायचे, पाऊण टक्का. मला वाटलं, चला, बापानं मरणाची तरी सोय केलीय. कारण ईएसआयमध्ये नोंद असलेला कामगार मेला तर अंत्यविधीला 15,000 रुपये मिळतात. तीन महिन्यांत अर्ज करायचा. गेलो. खिडकीतल्या माणसानं नाव शोधलं, नंबर शोधला. नाव नव्हतं. कापले जात होते, भरले जात नव्हते. मालक म्हणाला, कंत्राटदाराला विचार. कंत्राटदार फोन उचलत नाही. म्हणजे माझा बाप अठरा वर्षं त्या गाळ्यात होता आणि कागदावर कधीच नव्हता. जो कागदावर जगला नाही तो कागदावर मरणार कसा?

गोदीत हे आम्हाला पाठ आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकात 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. आग विझवताना मेलेल्या जवानांच्या आठवणीत अजून दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळतात. रास्त आहे, पाळावा. पण त्या दिवशी धक्क्यावर किती हमाल मेले? नक्की आकडा आजही कुणी छातीठोक सांगत नाही. मस्टरवर नाव नसलेला मजूर मेला तर तो फक्त दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही, एवढंच होतं.

आतापर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील. डॉक्टर चोर, कंत्राटदार चोर, व्यवस्था हरामखोर. बरोबर आहे. आता मान स्थिर ठेवा. पुढचं आपल्यावर आहे.

बापाच्या पुण्यानुमोदनाचा खर्च लिहितो. मंडप, खुर्च्या, स्पीकर : 9,000. अडीचशे माणसांचं जेवण : 32,000. फ्लेक्स आणि पत्रिका : 3,500. पांढऱ्या साड्या, कपडे : 6,000. दान : 2,000. बेरीज 52,500.

दलालांनी आमच्याकडून 9,950 घेतले. आम्ही स्वतः उधळले 52,500. पाचपटीहून जास्त! म्हणजे टाळूवरचं लोणी बाहेरच्यानं बोटभर खाल्लं आणि आम्ही वाटीभर वाढलं.

फ्लेक्सवर काय होतं? मधे बापाचा फोटो, पासपोर्टवरून मोठा केलेला, चेहरा फाटल्यासारखा. वर चार पुढारी, प्रत्येकाचा चेहरा बापापेक्षा मोठा. त्यातल्या एकानंही बापाला जिवंतपणी बघितलं नव्हतं. 'भावपूर्ण श्रद्धांजली'! भाव आमचा, श्रद्धा आमची, अंजली त्यांची. पैसे आमचे.

पन्नास हजार व्याजानं काढले. महिन्याला पाच टक्के. दर महिन्याला अडीच हजार. आज तेरा महिने झाले, 32,500 रुपये व्याज भरलं. मुद्दल जसंच्या तसं. बाप तीन-चार तासांत जळून गेला. मी अजून त्याची लाकडं भरतोय. धाकट्या बहिणीची कॉलेजची फी राहिली. ती आता एका दुकानात काउंटरवर उभी राहते. बापाच्या जेवणावळीत तिचं कॉलेज वाढलं गेलं. पंगतीतले लोक म्हणाले, आमटी झकास होती.

मी तेव्हाच नको म्हणालो होतो. आत्या म्हणाली, "पोरा, तुझ्या बापाला जिवंतपणी कुणी बस म्हणून खुर्ची दिली न्हाय. मेल्यावर त्याच्या नावानं चार माणसं खुर्चीवर बसली, जेवली, तर तुझं काय गेलं रे?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगतो, आजही पूर्ण सुचलेलं नाही. आत्या चूक नव्हती. ज्याला आयुष्यभर इज्जत मिळाली नाही, त्याची माणसं मरणात इज्जत विकत घेतात. दुकान तेवढं एकच उघडं असतं. वरच्या जातीचे लोक साधेपणानं अंत्यविधी करतात, देहदान करतात, पेपरात छापून येतं, कौतुक होतं. त्यांना ते परवडतं. साधेपणा हाही ज्याच्याकडं आहे त्याचाच शोभतो. गरिबानं साधं केलं की म्हणतात, पोरानं बापाला बेवारशासारखा जाळला. ही भीती मी जाणतो. त्या रात्री माझ्याही पोटात तीच होती, म्हणून मी सही केली.

पण आत्या, ज्या खुर्च्या मी भाड्यानं आणल्या त्या संध्याकाळी टेम्पोत घालून परत गेल्या. इज्जतही त्याच टेम्पोत गेली. घरात राहिलं ते व्याज. बापाला खुर्ची द्यायची होती ती त्या गाळ्यात, जिथं तो अठरा वर्षं उभा राहून पॉलिश करत होता. तिथं आपण कुणी गेलो नाही. ईएसआयचा नंबर मागायला गेलो नाही. अडीचशे माणसं जेवायला आली. त्यातली पंचवीस माणसं त्या मालकाच्या दारात उभी राहिली असती, तर पंधरा हजार मिळाले असते आणि उरलेल्या एकवीस माणसांची नावंही कागदावर चढली असती. ते झालं असतं खरं पुण्यानुमोदन.

आपण कुणाचे वारस आहोत ते आठवा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा आहे. ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करणार नाही ही प्रतिज्ञा आहे. का दिली? भटाची दक्षिणा वाचावी एवढ्यासाठीच? मेलेल्याच्या नावानं जिवंताला लुटायची जी वहिवाट आहे तीच तोडायची होती. आपण भट काढला आणि त्याच्या जागी केटरर बसवला. पिंड बंद केला आणि पत्रावळी वाढवल्या. तेराव्याचं नाव बदललं, कर्ज तेच राहिलं.

आणि 7 डिसेंबर 1956 आठवा. दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांची चिता पेटली. लाखो माणसं होती. गिरणीतली, गोदीतली, झाडूवाली, चाळीतली. त्या मयतीत माणसांनी काय केलं? चितेच्या साक्षीनं लाखभर लोकांनी धम्माची दीक्षा घेतली. जगात अशी मयत झाली नसेल, जिथून माणसं रडून नुसती घरी गेली नाहीत, बदलून गेली. ती आपली मयतीची रीत आहे. मेलेल्यासमोर जिवंतानं काहीतरी ठरवायचं. आपण आज ठरवतो काय? जेवणात भजी ठेवायची की जिलेबी.

म्हणून रडगाणं पुरे. काय करायचं ते लिहितो. मी करायला सुरुवात केलीय, म्हणून लिहायचा हक्क सांगतो.

एक. वस्तीत मयत फंड. जुन्या चाळींत होता, आपण बुडवला. घरटी महिना वीस रुपये. शंभर घरांचे वर्षाला चोवीस हजार. आमच्याकडं एकेचाळीस घरं आलीत. गाडी, कापड, मेणबत्त्यांचा खर्च फंडातून, सावकाराकडून नाही. हिशेब दर महिन्याला विहाराच्या फळ्यावर. फंडाच्या पैशातून जेवण नाही आणि कुणाचाही फोटो नाही.

दोन. कलम 10 ची झेरॉक्स प्रत्येक पोराच्या खिशात. डॉक्टरनं पैसे मागितले तर हात जोडायचे नाहीत, कागद पुढं करायचा. तरी घेतलेच तर पावती मागायची. पावती म्हटलं की अर्धे चोर माणसात येतात.

तीन. 21 दिवसांच्या आत नोंद. घाटकोपरला एन वॉर्ड, मुलुंडला टी, बोरिवलीला आर-मध्य, अंधेरीला के-पूर्व आणि के-पश्चिम. ज्याच्या घरी मयत झालीय तो जाणार नाही. वस्तीतलं लिहिता-वाचता येणारं एक पोरगं जाईल. मृत्यूचा दाखला नसला की विधवेची पेन्शन नाही, खोली नावावर नाही, बँकेतला पैसा नाही. मेलेल्याला कागद लागत नाही, मागं राहिलेल्या बाईला लागतो.

चार. इस्पितळानं बिलासाठी मढं अडवून ठेवलं तर एकट्यानं भांडायचं नाही, वीस जण जायचं. प्रेत ताब्यात मिळणं हा नातेवाइकांचा हक्क आहे, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं 2018 ला तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत लिहिलंय. बिलाची वसुली त्यांनी कोर्टात करावी. बापाला गहाण ठेवायचा नसतो.

पाच. आणि हे सगळ्यात आधीचं. जिवंत आहे तोवर ईएसआयचा नंबर बघा. आज घरी गेल्यावर बापाला, भावाला, बहिणीला विचारा, तुझा नंबर दाखव. पगारातून कापतात आणि नंबर देत नाहीत, तर समजा तुमच्या टाळूवर लोणी थापायला सुरुवात झालीय.

सहा. पालिकेकडं मागणी : प्रत्येक वॉर्डात चोवीस तास फुकट शववाहिनी. दर आणि मोफत सोयींचा मराठी-हिंदी फलक प्रत्येक स्मशानाच्या दारावर, माणसाच्या उंचीवर, वाचता येईल असा. स्मशानातल्या कंत्राटी कामगाराला कायम नोकरी, बूट, हातमोजे आणि वेळेवर पगार. त्याचं पोट भरलं की तो माझ्या बापाच्या चितेपाशी हात पसरणार नाही. कुणाला हात पसरायची हौस नसते.

आत्यानं मागच्या महिन्यात फंडाचे वीस रुपये दिले. पदराच्या गाठीतून काढले. म्हणाली, "माझ्या वेळंला जेवण घालू नकोस म्हंतोस ना? नको घालू. पण चार माणसं तरी जमव रे बाबा." मी म्हणालो, आत्या, चारशे जमवीन. पण जेवायला नाही. त्या गाळ्याच्या दारात.

ती हसली. मग म्हणाली, "चहा तरी दे त्यांना."

चहा देऊ. फंडातून नाही, माझ्या खिशातून. मंजूर.

जय भीम.